वंश, संगोपन आणि उत्तरदायित्व

घरात मूल जन्मास आले की पाळण्याभोवती जमलेली मंडळी प्रथम त्याचा चेहरा वाचू लागतात. नाक आजोबांचे, कपाळ फुफीचे, बोटे थेट मामूंसारखी. हा आनंदाचा खेळ असतो आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु तेच मूल रंगाने वेगळे निघाले, मुलगी निघाली, अथवा वर्ष-दीड वर्षाने त्याच्यात एखादा आजार किंवा बुद्धीचे मांद्य लक्षात आले, की या खेळाची चौकशी होते. हे आपल्या घराण्यात नव्हते, मग आले कोठून? पुष्कळ घरांत या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते : सुनेच्या माहेराकडून. पुढे तो मुलगा वाईट मार्गास लागला तर आईचे लाड, आणि नाव काढले तर बापाचे खानदान. मनुष्य वंशाने घडतो की संगोपनाने, हा विद्वानांच्या जिज्ञासेचा विषय खराच. पण आपल्या घरांत तो न्यायाचा विषय आहे. त्याच्या चुकीच्या उत्तरावर कित्येक स्त्रियांचे संसार मोडले आहेत.

नेमका हाच प्रश्न प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यापुढे आला होता. ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. एक ग्रामीण अरब आपल्या सेवेत आला आणि म्हणाला की, माझ्या पत्नीला काळ्या रंगाचा मुलगा झाला आहे. त्याच्या बोलण्यातील संशय उघड होता. प्रेषितांनी (सल्ल.) त्याला ना रागावले, ना उपदेश केला. त्याच्याकडे उंट आहेत काय, असे विचारले. आहेत, असे तो म्हणाला. त्यांचा रंग कोणता? तांबडा. त्यांत एखादा राखाडीही आहे काय? होय, आहे. मग तो राखाडी रंग कोठून आला? त्या माणसाने आपल्याच अनुभवातून उत्तर दिले की, एखाद्या पूर्वजाच्या मुळाने तो ओढून घेतला असावा. तेव्हा आपण (सल्ल.) फर्माविले की, तुझ्या मुलालाही कदाचित एखाद्या मुळानेच ओढले असेल. सहीह मुस्लिमच्या एका कथनात हेही येते की, त्या बालकाचे पितृत्व नाकारण्याची परवानगी आपण त्याला दिली नाही.

या हदीसमध्ये जो अरबी शब्द आला आहे तो ‘इर्क’. त्याचा अर्थ मूळ, शीर, वंशाचा धागा. उंट पाळणाऱ्या माणसाला हे ज्ञान होतेच. कळपात जे त्याला सहज पटत होते ते घरात पटत नव्हते, इतकेच. कळपातील नियम त्याच्या घराला लावून दाखविताच एका स्त्रीची अब्रू वाचली आणि एका बालकाला त्याचा पिता मिळाला.

याच्याशी जोडून दुसरी एक घटना आठवते. ह. जैद बिन हारिसा (रजि.) गौरवर्णीय होते आणि त्यांचे पुत्र ह. उसामा (रजि.) वर्णाने काळे होते. उसामांच्या मातोश्री उम्मे ऐमन (रजि.) या मूळच्या हबशी होत्या. तरीही लोक कुजबुजत. एकदा पिता-पुत्र एकाच चादरीखाली, डोकी झाकून व पाय उघडे ठेवून झोपले असता मुजज्जिज मुद्लिजी नावाचा, शरीरलक्षणे ओळखण्यात निष्णात असा मनुष्य तेथे आला. केवळ पाय पाहून त्याने सांगितले की हे पाय एकमेकांपासूनच आहेत. ह. आयेशा (रजि.) सांगतात की, हे ऐकून प्रेषित (सल्ल.) घरात आले तेव्हा आनंदाने त्यांचा चेहरा उजळला होता. रंगाने जेथे संशय पेरला तेथे पायांच्या ठेवणीने साक्ष दिली. वारसा हा असा असतो. तो सगळा एका जागी दिसत नाही.

मूळ कसे ओढते

उंटाच्या कळपातील हे कोडे शास्त्रीय रीतीने सोडविण्यास पुढे बारा शतकांहून अधिक काळ लागला. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या रोपांवर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८६५ साली आपले निष्कर्ष मांडले. जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या शुद्ध जातींचा संकर केला तर पहिल्या पिढीत सर्व फुले जांभळीच येतात, पांढरा रंग जणू नाहीसा होतो. परंतु त्याच पिढीच्या संततीत सुमारे एक चतुर्थांश रोपांना पुन्हा पांढरी फुले येतात. म्हणजे पांढरा गुण नष्ट झाला नव्हता, दबून राहिला होता. मेंडेलच्या निबंधाकडे १९०० सालापर्यंत जवळजवळ कोणी लक्षच दिले नाही.

आज आपणास ठाऊक आहे की मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, प्रत्येक जोडीतील एक मातेकडून व एक पित्याकडून आलेले असते आणि त्यांवर प्रथिने घडविणारी सुमारे वीस हजार जनुके असतात. प्रत्येक जनुकाच्या सामान्यतः दोन प्रती. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम भागविते आणि मनुष्य निरोगी राहतो. तो स्वतःस निरोगीच समजतो. त्वचेच्या रंगाचा हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तो एका नव्हे तर अनेक जनुकांवर अवलंबून असतो. म्हणूनच एकाच दांपत्याची मुले वेगवेगळ्या वर्णांची निघतात आणि आजीचा रंग नातवात उमटतो.

पवित्र कुरआनने मनुष्याची निर्मिती संमिश्र थेंबापासून झाल्याचे सांगितले आहे (सूरह अद्-दहर, ७६:२). प्राचीन भाष्यकारांनीही त्याचा अर्थ स्त्री व पुरुष या दोघांच्या बीजांचे मिश्रण असा केला. कुरआन जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक नव्हे आणि प्रत्येक नव्या शोधाची आयत शोधत बसणे मला प्रशस्त वाटत नाही. पण या आयतीचा एक सरळ परिणाम आहे : बालकात जे काही आले ते दोहोंकडून आले. एकट्या मातेच्या माथी मारण्यास येथे जागाच नाही. मुलगा की मुलगी, या बाबतीत तर पारडे उलट बाजूस झुकते. मातेचे बीज नेहमी ‘एक्स’ गुणसूत्रच देते; पित्याच्या बीजातून ‘एक्स’ आले तर मुलगी, ‘वाय’ आले तर मुलगा. मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो त्या पित्याचे चित्र कुरआनने तिरस्काराने रेखाटले आहे (१६:५८-५९). मुलगी झाली म्हणून दुसऱ्या विवाहाची धमकी देणाऱ्या गृहस्थाने निदान इतके तरी जाणून घ्यावे की निवड त्याच्याच बीजातून झाली आहे, आणि तीही त्याच्या हातात नव्हती.

जे वंशाचे वाटते ते, आणि जे वाटत नाही ते

वंश की परिस्थिती, असा पर्याय समोर ठेवला की आपण टक्केवारी मागू लागतो. किती वंशाचे, किती परिस्थितीचे? एका मनुष्याच्या बाबतीत या प्रश्नाला बहुधा अर्थच नसतो, हे एका आजाराच्या इतिहासावरून उत्तम कळते.

१९३४ साली नॉर्वेमध्ये एक माता आपल्या दोन मुलांना घेऊन आस्ब्यर्न फोलिंग या वैद्याकडे गेली. दोन्ही मुले बुद्धीने अत्यंत मंद होती आणि त्यांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येई. कित्येक डॉक्टरांनी तिला वाटेला लावले होते, पण वासाचा काही तरी संबंध आहे हा हेका तिने सोडला नाही. फोलिंग यांनी मुलांचे मूत्र तपासले आणि त्यात एक असा पदार्थ आढळला जो तेथे असावयास नको होता. हाच तो फिनाइलकीटोन्युरिया. यात एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याने अन्नातील फिनाइलअॅलनिन या घटकाचे यकृतात रूपांतर होत नाही, तो रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूची हानी करतो. हा आजार शंभर टक्के आनुवंशिक आहे. माता व पिता दोघेही वाहक असल्याशिवाय तो होत नाही.

आणि तरीही त्याचा उपाय ताटात सापडला. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल यांनी या आजाराच्या एका दोन वर्षांच्या मुलीस फिनाइलअॅलनिन अत्यल्प असलेला आहार सुरू केला. जी मुलगी उभी राहू शकत नव्हती ती रांगू लागली, उभी राहू लागली. पुढे रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर टिपून हा दोष ओळखण्याची सोपी पद्धत काढली. जन्मानंतर थोड्याच दिवसांत निदान होऊन आहार पाळला गेला तर असे मूल शाळेत जाते, शिकते, संसार करते. जनुक तेच, सदोषच. पण जीवन निराळे. येथे किती टक्के वंश आणि किती टक्के अन्न? जमिनीचे क्षेत्रफळ किती लांबीमुळे आणि किती रुंदीमुळे, असे विचारण्यासारखे ते आहे.

याच्या उलट गोष्ट हिमालयाच्या पायथ्याशी घडली. कांगडा खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या गळ्यावर मोठाले गलगंड घेऊन माणसे वावरत. अशा प्रदेशांत बहिरी-मुकी, बुद्धीने मंद मुलेही जन्माला येत. आजीला होते, आईला होते, मुलीला झाले. याहून स्पष्ट वांशिक दोष कोणता असणार? पण दोष रक्तात नव्हता, मातीत होता. पाऊस व हिमाच्या पाण्याने त्या डोंगराळ मातीतील आयोडीन धुऊन नेले होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथे काही भागांत आयोडीनयुक्त व एका भागात साधे मीठ देऊन तुलना केली. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण झपाट्याने उतरले. आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीमागे हा इतिहास आहे. किती मुलींची स्थळे ‘त्यांच्या खानदानात तो रोग आहे’ म्हणून मोडली असतील, आणि कारण होते चिमूटभर मीठ!

जन्मापूर्वीचे घर

परिस्थिती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शाळा, शेजार व मित्र येतात. वस्तुतः मनुष्याची पहिली परिस्थिती म्हणजे मातेचे उदर.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गर्भधारणेपूर्वीपासून त्यांच्या आहाराची व कष्टांची नोंद ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांची वाढ वर्षानुवर्षे मोजली. या मुलांचे जन्माच्या वेळी सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ज्या बालकांशी तुलना केली त्यांचे सुमारे ३.५ किलो होते. विशेष हे की, आपल्या बालकांत स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला कृश, पण चरबीने स्थूल. अशा मुलांमध्ये पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. अनेक मातांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली आणि तिचा मुलांच्या शरीरातील इन्सुलिनच्या कार्याशी संबंध दिसून आला. मधुमेह आमच्या घरातच आहे, असे आपण सहज म्हणतो. त्यातील काही भाग जनुकांतून आला असेल, पण काही भाग गर्भारपणी सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले खाणाऱ्या आजीच्या ताटातूनही आला असेल.

युरोपातील एका दुर्दैवी घटनेने हेच दाखविले. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची अन्नाची रसद रोखली आणि माणशी दैनिक शिधा हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली अशा व्यक्तींची सुमारे साठ वर्षांनी तपासणी केली असता, वाढीशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्या भावंडांहून कमी आढळल्या. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. जनुक बदललेले नव्हते. त्याने कधी व किती कार्य करावे हे ठरविणारी खूण बदलली होती.

या प्रकाशात सूरह अल्-बकरहमधील एक आदेश (२:२३३) पुन्हा वाचण्यासारखा आहे. दूध पाजण्याचा काळ पूर्ण दोन वर्षांचा सांगितल्यावर त्याच आयतीत मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर टाकला आहे. बालकाची पहिली परिस्थिती म्हणजे माता, आणि त्या परिस्थितीचा खर्च पित्याच्या नावे लिहिला गेला.

ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील प्रसंगही इतिहासग्रंथांत येतो. मदीनेबाहेर उतरलेल्या एका व्यापारी तांड्याच्या रक्षणासाठी ते रात्री जागत असता एक बालक पुन्हापुन्हा रडताना ऐकू आले. मातेला विचारता तिने, समोर कोण आहे हे न ओळखता, सांगितले की मी याचे दूध तोडू पाहते आहे, कारण उमर फक्त दूध सुटलेल्या मुलांनाच वेतन देतात. त्या दिवशीच्या फज्रच्या नमाजात त्यांचे कुरआनपठण रडण्यामुळे लोकांना नीट कळेना. आपल्या एका नियमाने किती बालकांची हानी झाली, या विचाराने ते व्याकूळ झाले होते. त्यांनी घोषणा करविली की, मुलांचे दूध घाईने तोडू नका. यापुढे प्रत्येक बालकास जन्मापासून वेतन मिळेल. मुलांची परिस्थिती केवळ आईबाप घडवीत नाहीत, शासनाचा एक नियमही घडवितो, आणि चांगला शासक त्याचा दोष मातेवर ढकलीत नाही.

उपजत स्वभाव आणि मिळविलेला स्वभाव

प्रत्येक बालक फितरतवर, म्हणजे शुद्ध उपजत प्रकृतीवर जन्मते आणि नंतर आईबाप त्याला निरनिराळ्या धर्मांचे बनवितात, ही हदीस सर्वांना पाठ असते. तिचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. जनावर जसे अखंड पिलाला जन्म देते, त्यात कान कापलेले एखादे कोणी पाहिले आहे काय, असा प्रश्न प्रेषितांनी (सल्ल.) तेथे विचारला आहे. अरबांत जनावरांचे कान कापण्याची चाल होती. कान कापलेला जन्मत नाही, कापला जातो.

रुमानियातील अनाथालयांत हे अक्षरशः दिसले. १९८९ मध्ये चाउशेस्कू यांची राजवट कोसळली तेव्हा हजारो मुले अशा संस्थांत आढळली, जेथे दूध वेळेवर मिळे पण उचलून घेणारे, बोलणारे कोणी नव्हते. २००० साली बुखारेस्ट येथे अशा १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी व भावनिक घडण सुधारली, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांची विशेष सुधारली. अन्न दोहोंकडे होते. उणीव कडेवर घेणाऱ्या हातांची होती.

म्हणजे सर्व काही संगोपनच काय? तसेही नाही. दूर दूर वाढलेल्या एकरूप जुळ्या भावंडांचा अभ्यास थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून अमेरिकेतील मिनेसोटा येथे केला, तेव्हा वेगळ्या घरांत वाढूनही त्यांच्या बुद्धीत व स्वभावात मोठे साम्य आढळले. ज्यांनी दोन-तीन मुले वाढविली आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. एकाच घरात, एकाच हाताने वाढलेला एक मुलगा शांत असतो आणि दुसरा चुलीवरच्या दुधासारखा उतू जातो.

अब्दुल कैस टोळीचे शिष्टमंडळ मदीनेस आले तेव्हा इतर लोक घाईने उड्या टाकून प्रेषितांकडे (सल्ल.) धावले, त्यांचे प्रमुख अशज्ज (रजि.) मात्र सामान लावून, वस्त्रे बदलून शांतपणे आले. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना सांगितले की तुमच्यात अल्लाहला प्रिय असे दोन गुण आहेत, सहनशीलता आणि धीमेपणा. अशज्ज (रजि.) यांनी विचारलेला प्रश्न फार मार्मिक आहे. हे गुण मी कमावले की अल्लाहने माझ्या घडणीतच ठेवले, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले की अल्लाहनेच ते घडणीत ठेवले. सुनन अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. त्याचबरोबर बुखारी व मुस्लिममध्ये हेही आहे की जो धीर धरण्याचा प्रयत्न करतो त्याला अल्लाह धीर देतो. एकाला जे आयते मिळाले ते दुसऱ्याला झटून मिळवावे लागते. उपजत रागीट मुलाने गिळलेला एक राग आणि शांत मुलाची दिवसभराची शांतता, यांत मोठे काय, याचा निर्णय करण्याचा अधिकार आईबापांनी स्वतःकडे घेऊ नये.

दोन सबबी

आनुवंशिकतेचे अर्धवट ज्ञान किती घातक ठरते, हे विसाव्या शतकाने पाहिले. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज विद्वानाने १८८३ साली ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजननशास्त्र हा शब्द घडविला. उत्तम वंशाची वाढ व्हावी आणि हीन वंशाची घटावी ही त्यामागील कल्पना होती. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरविलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरविला. १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीने तसाच कायदा केला आणि सुमारे चार लाख स्त्री-पुरुषांची नसबंदी झाली. ही गोष्ट वाचून आपण हळहळतो, आणि त्याच संध्याकाळी मुलीसाठी आलेले स्थळ ‘ते आपल्या बरोबरीच्या बिरादरीतले नाहीत’ म्हणून परत पाठवितो.

वर ज्या उसामांचा (रजि.) उल्लेख आला त्यांनाच प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या अखेरच्या दिवसांत सैन्याचे प्रमुख नेमले. ते विशीच्या आसपासचे, मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र. आणि हाताखाली ज्येष्ठ सहाबा. लोकांनी कुरकुर केली तेव्हा आपण (सल्ल.) फर्माविले की, याच्या वडिलांच्या नेतृत्वावरही तुम्ही असाच आक्षेप घेतला होता, आणि ते त्यास पात्र होते. वंशाची ओळख पटविणे वेगळे आणि वंशावरून लायकी ठरविणे वेगळे. पहिल्याने प्रेषितांचा (सल्ल.) चेहरा आनंदाने उजळला होता, दुसरे त्यांनी साफ नाकारले.

वंश जसा अहंकाराची सबब होतो तसा पळवाटही होतो. माझे रक्तच असे, माझे वडील असेच होते, मी काय करणार? कुरआनने ही सबब आधीच नोंदवून ठेवली आहे. सूरह अल्-आराफमध्ये (७:१७२-१७३) मानवजातीकडून घेतलेल्या कराराचा उद्देश सांगताना म्हटले आहे की, अनेकेश्वरत्व तर आमच्या पूर्वजांनी केले, आम्ही फक्त त्यांच्यामागून त्यांच्या वंशात आलो, असे कोणी कयामतच्या दिवशी म्हणू नये. ह. नूह (अलै.) यांचा पुत्र प्रेषिताच्या घरात वाढून बुडाला. ह. इब्राहीम (अलै.) मूर्तिपूजक पित्याच्या घरातून निघाले. फिरऔनची पत्नी त्या महालात राहूनही श्रद्धावंतांसाठी आदर्श ठरली (६६:११).

परिस्थितीच्या सबबीविषयी मात्र कुरआनचा न्याय अधिक बारकाईचा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. सूरह अन्-निसामध्ये (४:९७-९९) मक्केत राहून गेलेल्या काही लोकांचा उल्लेख येतो. मरणसमयी ते फरिश्त्यांना सांगतात की आम्ही त्या भूमीत दुर्बल होतो. त्यांना प्रतिप्रश्न होतो की अल्लाहची पृथ्वी विस्तीर्ण नव्हती काय, की तुम्ही स्थलांतर केले असते? पण लगेच पुढे, ज्यांच्याजवळ खरोखरच साधन नव्हते आणि ज्यांना मार्ग ठाऊक नव्हता, अशा असहाय पुरुष, स्त्रिया व मुलांना वगळून क्षमेची आशा दाखविली आहे. सबब एकच, निकाल दोन. परिस्थिती सर्वांची कठीण होती. तीतून निघणे कोणाला शक्य होते, एवढेच पाहिले गेले.

निकाहपूर्वी एक चाचणी

आता जे प्रत्यक्ष आपल्या हातात आहे त्याविषयी. थॅलॅसेमियाच्या गंभीर प्रकारात बालकाला जवळजवळ दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर रक्त द्यावे लागते आणि साचणारे लोह काढण्यासाठी निराळी औषधे घ्यावी लागतात. भारतात सरासरी ३ ते ४ टक्के लोक याचे वाहक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना ते ठाऊकही नाही. पती-पत्नीपैकी एकच वाहक असेल तर बालकाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. प्रत्येक, हा शब्द महत्त्वाचा. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा भाबडा हिशोब अनेक कुटुंबे करतात आणि फसतात.

चुलत, मामे, आते, मावस भावंडांचा विवाह आपल्याकडे संमत आहे. कुरआनात त्याची मनाई नाही. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल महाराष्ट्रातील अनेक हिंदू जातींतही आहे. पण संमत म्हणजे आदेश नव्हे. एकाच आजोबांकडून आलेली सदोष प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता अशा जोडप्यांत वाढते. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरातील ११ हजारांहून अधिक बालकांच्या अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहात जन्मजात दोषांचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलेले दिसले. म्हणजे शंभरांतील ९४ मुलांत असा दोष नव्हता. तेव्हा अशा विवाहांना सरसकट नावे ठेवणेही अन्यायाचे. पण ज्या घरात दोन पिढ्या सलग असे विवाह झाले आहेत, किंवा आधीच एखादे मूल असे गेले आहे, तेथे तिसऱ्या वेळी डोळे मिटून साखरपुडा करणे हे तवक्कल नव्हे.

चाचणी म्हणजे तकदीरवर अविश्वास, असे काही वडीलधारे म्हणतात. शामच्या प्रवासात सर्ग येथे प्लेगची बातमी मिळून ह. उमर (रजि.) परत फिरले, तेव्हा ह. अबू उबैदा (रजि.) यांनी हाच आक्षेप घेतला होता की, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? ह. उमर (रजि.) उत्तरले की, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. आणि त्यांनी विचारले की, तुमचे उंट अशा दरीत उतरले जिचा एक उतार हिरवा व दुसरा उजाड आहे, तर हिरव्या बाजूस चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच आणि उजाड बाजूस चारले तरी त्याच तकदीरने नव्हे काय? बुखारीत हे कथन आहे.

इराणने १९९७ पासून आणि सऊदी अरबने २००४ पासून विवाहपूर्व रक्तचाचणी सक्तीची केली आहे. आपल्याकडे सक्ती नाही, पण चाचणी सर्वत्र उपलब्ध आहे. ‘हिमोग्लोबिन ए-टू’चे प्रमाण पाहणारी ही रक्ततपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. ती मुला-मुलीच्या वयात आल्यावर, स्थळे पाहण्यापूर्वीच करून घेतली तर कोणाचा नकार कोणाच्या जिव्हारी लागत नाही. मुलगा व मुलगी दोघांचीही व्हावी. केवळ मुलीची मागणे हा पुन्हा तोच जुना अन्याय. वाहक असणे हा रोग नव्हे, कलंक नव्हे. वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी निर्धास्त विवाह करावा. दोघे वाहक असून विवाह झालाच असेल तर गर्भावस्थेच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात तपासणी होऊ शकते. अत्यंत गंभीर दोष वैद्यकीय मंडळाने सिद्ध केल्यास १२० दिवसांच्या आत गर्भपाताची मुभा मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने १९९० साली दिली. इतर काही उलमा त्याहून कठोर मत बाळगतात, म्हणून तेथे जाणकार मुफ्ती व डॉक्टर दोघांचाही सल्ला घ्यावा. त्या टेबलावर बसून, पोटातील बालकाचा अहवाल हातात घेऊन रडणाऱ्या आईबापांना फतवा विचारण्यापेक्षा साखरपुड्यापूर्वी दोन नळ्या रक्त देणे किती तरी सोपे आहे. मशिदीच्या कार्यालयात निकाहची तारीख नोंदविताना काजीसाहेबांनी कागदपत्रांबरोबर या अहवालाचीही सहज विचारपूस केली, तर त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.